बांधावरचा खैर: साल काढावी का?

मळेवाली, पेठ रोड
आमच्या बांधावर जुना खैर आहे. जोडीजोडीने वाकडे काटे, पदर अडकला की फाटतोच. मामंजींना महिनाभर तोंड आलंय. आजेसासूबाई म्हणतात, साल उकळून गुळण्या द्या, त्यांच्या हरसूलच्या माहेरी तेच करत. साल कुठून काढू? झाडाला बाधणार नाही ना? मामंजी तंबाखू मळतात, हेही सांगते.

पंचवटीकर
साल कशाला? पानवाल्याकडचा कात लावा. तोही खैराचाच.

रानमाळ
ताई, आधी मामंजींना डॉक्टरांकडे न्या. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तपासणी झालीच पाहिजे. गुळण्यांनी जळजळ कमी होईल आणि घरचे निर्धास्त होतील, मला भीती त्याचीच वाटते. दंतवैद्य नाहीतर कान-नाक-घशाचे डॉक्टर, पण या आठवड्यातच.

खैराच्या गुणाबद्दल शंका नाही. तुरट आहे, हिरड्या आवळतो. खदिरादि वटी घसा-तोंडासाठीच चघळतात, आणि त्वचारोगावरच्या औषधांत चरकाने खैराला पहिला मान दिलाय. पानवाल्याचा कात मात्र नको, त्यात भेसळ फार. खरा कात म्हणजे तांबड्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, रस आटवून गोठवलेला. त्यासाठी अख्खं झाड पाडावं लागतं. पेठ-सुरगाण्याच्या रानातून खैर चोरीला जातो तो याच गाभ्यासाठी.

तुमच्या झाडाच्या खोडाला हात लावू नका. सालीचा गोल पट्टा निघाला तर पानांतलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. पुढेमागे साध्या तोंड येण्यावर साल हवी असेल, तर छाटलेल्या फांदीची घ्या. कुणी व्यापारी दारात आला तरी विकू नका. खैर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगी लागते.

मळेवाली, पेठ रोड
दादा, उद्या सकाळीच नेते त्यांना. आजींनाही वाचून दाखवलं, त्याही येतो म्हणाल्या. व्यापारी खरंच येऊन गेलाय, त्याला नाही म्हणून कळवते. बी धरून रोपं होतील का?

रानमाळ
होतात. हिवाळ्यात चपट्या शेंगा तपकिरी झाल्या की उतरवा. पेरण्याआधी बी रात्रभर पाण्यात ठेवा. मुरमाड जागाही चालते, फक्त पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा. डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.