अनुभव धागा: गव्हाशिवाय, ओट्सशिवाय घरचा ग्रॅनोला

पुणे (धागा सुरू करताना)

माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि युरोपातलं राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नाही, आणि हे पथ्य आयुष्यभराचं. पोळी, बिस्किटं, शेवया बंद हे सगळ्यांना लगेच कळतं. कॉर्नफ्लेक्स का बंद, हे मात्र दरवेळी समजावून सांगावं लागतं: मका चालतो, पण बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी जवाचा माल्ट असतो. बाजारात ग्लूटेन-फ्री ग्रॅनोला, म्हणजे धान्य, दाणे आणि बिया गोडात कालवून भाजलेला कुरकुरीत नाश्ता, मिळतो. तो महाग असतो आणि पाकिटाच्या मागचे घटक वाचले की साखर नाहीतर कुठलं तरी सिरप वरच्या दोन-तीन नावांत दिसतं. म्हणून आम्ही घरीच करतो.

ग्रॅनोला म्हटलं की ओट्स, असं आपण धरूनच चालतो. पण अमेरिकेत १८६३ साली डॉ. जेम्स जॅक्सन यांनी डान्सव्हिलच्या आरोग्यधामात जो 'ग्रॅन्युला' केला, तो गव्हाच्या भरड पिठाचा होता. ओट्स त्यात मागाहून आले. म्हणजे धान्य बदलायला मुळातच हरकत नाही, आणि आपल्याकडे ज्वारीच्या नि राजगिऱ्याच्या लाह्या, पोहे, कुरमुरे, नाचणीचे फ्लेक्स असा केवढा तरी माल आहे.

माझं प्रमाण देते. ज्वारीच्या लाह्या दोन वाट्या, राजगिऱ्याच्या लाह्या एक वाटी, पातळ पोहे एक वाटी, शेंगदाणे-बदाम-भोपळ्याच्या बिया मिळून एक वाटी, तीळ दोन चमचे, सुक्या खोबऱ्याचे काप मूठभर. अर्धी वाटी गूळ, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, वेलची. पोहे, दाणे आणि बिया आधी वेगवेगळे भाजून घेते. मग सगळं पाकात कालवून ट्रेमध्ये दाबून पसरते आणि १४० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवते. लाह्या आधीच फुललेल्या असतात, त्यांना जास्त आच लागली की करपट वास येतो. ट्रे बाहेर काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, तरच खडे चांगले जमतात.

तुम्ही कोणतं धान्य घेता, पाक कसा करता, घरात गहू असताना काय काळजी घेता? सविस्तर लिहा.

सोलापूर

ताई, लाह्या कुठून आणता हे आधी बघा. भडभुंज्याच्या भट्टीवर ज्वारी फुटते त्याच कढईत, त्याच वाळूत, थोड्या वेळापूर्वी गहू भाजलेला असतो. दुकानात लाह्यांचं पोतं रव्याच्या पोत्याला टेकून उभं असतं आणि दोन्हींत माप एकच फिरतं. ज्याला नुसतं हलकं खायचं आहे त्याला काही फरक पडत नाही, पण सिलिअ‍ॅकच्या मुलीला पडतो.

आमच्याकडे नागपंचमीला लाह्या लागतात, त्यामुळे घरी फोडायची सवय पूर्वीपासून आहे. ज्वारी निवडून घ्यायची, त्यावर गरम पाण्याचा हबका मारून चोळायची आणि कापडात गुंडाळून रात्रभर ठेवायची. सकाळी तासभर सावलीत पसरायची, वरचं पाणी सुटलं पाहिजे पण दाण्यात ओल राहिली पाहिजे. लोखंडी कढई चांगली तापू द्यायची. एका वेळी मूठभरच दाणे टाकायचे आणि सुती फडक्याच्या बोळ्याने दाबत फिरवायचे. तडतड सुरू झाली की झाकण अर्धवट धरायचं, नाहीतर निम्म्या लाह्या ओट्याखाली जातात. आवाज मंदावला की लगेच उपसायच्या. तळाशी न फुटलेले गडंग राहतात ते चाळून काढायचे, दाताला फार लागतात.

प्रत्येक ज्वारी सारखी फुटत नाही. भाकरीची मालदांडी चवीला सरस आहे, पण लाह्यांना बारीक, कडक दाण्याची ज्वारी बरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी 'फुले पंचमी' हा वाण काढला आहे. मिळाला तर तोच घ्या.

राजगिरा त्याहून सोपा. एका वेळी एकच चमचा टाकायचा, काही सेकंदांत पांढरा होऊन उडतो. ग्रॅनोलात राजगिरा घालाच. ज्वारीच्या लाह्या मोठ्या आणि पोकळ असतात, त्यांच्या मधल्या जागा राजगिरा भरतो आणि त्यामुळेच खडे फुटत नाहीत.

इंदूर

आमच्या मुलाचं निदान उशिरा झालं. पोट फुगायचं, वजन वाढत नव्हतं, रक्त कमी. कोणीतरी सांगितलं की गहू बंद करून बघा, फरक पडेल. सुदैवाने आमच्या डॉक्टरांनी थांबवलं. ग्लूटेन बंद केल्यावर टीटीजी ही रक्ताची तपासणी आणि आतड्याची बायॉप्सी दोन्ही फसव्या येऊ शकतात. म्हणून ज्यांना शंका आहे त्यांना कळकळीने सांगते, आधी तपासणी, मग पथ्य. हा धागा वाचून कोणी उद्यापासून मुलाची पोळी बंद करू नये.

ग्रॅनोलाबद्दल: पोह्यांच्या गावात राहते, तेव्हा माझा ग्रॅनोला पोह्यांचाच. पातळ पोहे मंद आचेवर इतके भाजायचे की चिमटीत धरल्यावर चुरा झाला पाहिजे. जाड पोहे न तळता कडकच राहतात, ते नकोत. मुलाला त्यात डाळं फार आवडतं. बडीशेपही घालते, इथल्या चवीची सवय.

मेलबर्न

ओट्सचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून लिहितो. इथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ओट्स असलेल्या पदार्थावर 'ग्लूटेन-फ्री' असं छापायला कायद्याने परवानगी नाही. अमेरिकेत आणि युरोपात आहे, ग्लूटेन किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा कमी असेल तर. एकाच धान्याबद्दल दोन नियम पाहून सुरुवातीला गोंधळ होतो. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत गव्हाची सरमिसळ होते. दुसरं म्हणजे ओट्सचं स्वतःचं अ‍ॅव्हेनिन नावाचं प्रथिन असतं. बहुतेक सिलिअ‍ॅक लोकांना ते चालतं, थोड्या जणांना अगदी शुद्ध ओट्सही बाधतात. माझी बायको त्या थोड्यांत आहे.

म्हणून आमच्याकडे ओट्स अजिबात नाहीत. अख्खा कुट्टू, म्हणजे बकव्हीट, धुऊन कोरडा करून भाजतो, तो दाताखाली छान करकरतो. सोबत तांदळाचे कुरमुरे, खोबरं आणि इथल्या मॅकाडेमिया. नावात 'व्हीट' असलं तरी कुट्टूचा गव्हाशी काही संबंध नाही. भारतात ओट्स घेणारच असाल तर पाकिटावर ग्लूटेन-फ्री असल्याचं स्पष्ट लिहिलेलेच घ्या, आणि आधी आहारतज्ज्ञांना विचारा.

कोल्हापूर

पाकाबद्दल मी लिहिते, आमच्या घरचा गुऱ्हाळाशी जुना संबंध आहे.

साधा गूळ घ्याल तर ग्रॅनोला दुसऱ्या दिवशी चिकट होतो, कारण त्यात ओलावा जास्त. चिकीचा गूळ घ्या. जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ आणि चमचाभरच पाणी. गूळ वितळला की आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात आणि पाक फेसाळून रंग किंचित फिकटतो. आता वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाका. बोटाने दाबल्यावर लोण्यासारखा चेपला तर पाक कच्चा. खाली बसून कडक झाला आणि मोडताना कट्‌ आवाज आला की गॅस बंद. यापुढे अर्धा मिनिट गेला तरी चव कडवट होते. लाह्या आधीच कोमट करून ठेवा, गार लाह्यांवर पाक पडताच गोठतो आणि एकीकडे गोळे, एकीकडे कोरड्या लाह्या असं होतं.

काकवी वापरायची असेल तर ट्रे जास्त वेळ आणि कमी आचेवर ठेवावा लागतो. खडे जमत नाहीत, मोकळा होतो, पण वास असा की दूध घालायची गरज वाटत नाही. आमच्या घरी हाच जास्त संपतो.

रत्नागिरी

पावसाळ्याचं लिहिते, कारण आमच्याकडे जूनपासून डब्यातलं सगळं सादळतं. लाह्यांचा ग्रॅनोला दोन दिवसांत मऊ पडतो. मी तेव्हा लाह्या कमी करून काजू, खोबरं आणि नाचणीचे फ्लेक्स वाढवते. थोडा थोडाच करते, गार झाल्या झाल्या काचेच्या बरणीत भरते. मऊ पडलाच तर १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवला की परत कुरकुरीत होतो. जवस आणि अक्रोड लवकर खवट होतात, ते मिसळून ठेवू नका, खाताना वरून घाला.

नाचणीचं एक सांगायलाच हवं. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. सिलिअ‍ॅकमध्ये आतडं बरं होईपर्यंत कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून अशा मुलांच्या खाण्यात नाचणी रोज असावी असं मला मनापासून वाटतं. फ्लेक्स घेताना त्यात गव्हाचा कोंडा मिसळलेला नाही ना, हे पाहून घ्या.

नागपूर

आमच्याकडे ग्लूटेनचं पथ्य नाही, यजमानांना मधुमेह आहे. तरी लिहिते, कारण 'ग्लूटेन-फ्री म्हणजे पथ्याचं' अशी समजूत सगळीकडे दिसते. लाह्या, कुरमुरे, पोहे यांनी साखर झपाट्याने वाढते आणि गूळ म्हणजेही साखरच. मी धान्य निम्म्याहून कमी घेते. बाकी शेंगदाणे, बदाम, तीळ, कारळे, भोपळ्याच्या नि सूर्यफुलाच्या बिया. गोडासाठी दोन खारका भिजवून वाटून, आणि बांधायला अंड्याचा फेसलेला पांढरा बलक. वाटीभर नाही, तीन-चार चमचेच, घट्ट दह्यावर. त्यांच्या साखरेचे आकडे जेवणानंतर तपासून मगच हे प्रमाण ठरवलं.

ठाणे

घरगुती ऑर्डरी घेते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लूटेन-फ्री' लिहायला किलोमागे २० मिलीग्रॅमची मर्यादा पाळावी लागते, आणि ती प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय कळत नाही. माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या होतात. त्यामुळे मी पाकिटावर फक्त 'ज्वारी-राजगिरा ग्रॅनोला' लिहिते आणि सिलिअ‍ॅकसाठी कोणी मागितला तर नाही म्हणते. ऑर्डर जाते, पण एखाद्या लेकराचं आतडं बिघडवून मिळालेले पैसे मला नकोत.

घरच्यासाठी करणाऱ्यांनी पिठाची चाळणी, लाकडी कालथा आणि ट्रे वेगळे ठेवा. चाळणीच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊनही पूर्ण निघत नाही. राजगिऱ्याचं पीठ घालणार असाल तर ते गव्हावर दळलेलं नको. गिरणीवाल्याला सांगूनही खात्री नसते, घरच्या मिक्सरवरच करा.

छत्रपती संभाजीनगर

ओव्हन नाही, वसतिगृहात राहतो, एकच इंडक्शन आणि एक कढई. मला ग्लूटेन चालत नाही आणि गोडही फार आवडत नाही, म्हणून तिखट ग्रॅनोला करतो. शेंगदाणे, डाळं, खोबरं थोड्या तेलात परतायचं, कढीपत्ता, हळद, तिखट, मीठ, चिमूटभर पिठीसाखर, शेवटी ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले पोहे. मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहायचं. ताकासोबत सकाळचा नाश्ता होतो.

यात हिंग घालताना डबी उलटी करून वाचा. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठाचा किंवा नुसत्या डिंकाचा हिंगही मिळतो, नाही मिळाला तर लसूण ठेचून घाला.