बिलातले 'नर्सिंग चार्जेस' नक्की जातात कुठे?

मिरजकर
काकांच्या हर्नियाचं बिल हातात आलं. खोलीभाडं वेगळं, डॉक्टरांची व्हिजिट वेगळी, आणि त्याखाली 'नर्सिंग चार्जेस' रोजचे ५०० रुपये. त्या मजल्यावर सोळा खाटा, सगळ्या भरलेल्या. रात्री सिस्टर एकच. पगार विचारला तर म्हणाली, बारा हजार.

आता हिशेब करा. सोळा खाटांचे रोजचे आठ हजार, महिन्याचे २,४०,०००. तीन पाळ्या आणि सुट्ट्या धरून मजल्याला पाच नर्स लागतात म्हटलं, तरी पगार होतो साठ हजार. उरलेले कुठे जातात?

'नर्सेस उद्धट असतात' हे आपण येता-जाता बोलतो. माझं मत, ही तक्रार आपण चुकीच्या खिडकीवर करतो. एका पाळीला किती पेशंटमागे किती नोंदणीकृत नर्स आहेत, याचा फलक प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लागला पाहिजे. दरपत्रक लावता, मग हेही लावा. बोला.

चौकस
पगार कमी म्हणून सगळं माफ? आईच्या हाताला लावलेलं इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी, सरकलं, सलाईन बाहेर जाऊन हात कोपरापर्यंत टम्म सुजला. चार वेळा बेल वाजवली. सिस्टर काउंटरला मोबाईलवर. शेवटी आल्या त्या "हात हलवू नका सांगितलं होतं ना?" असं आईलाच सुनावत. सत्तरीची बाई झोपेत हात हलवणारच. फलक लावून माणूस गोड बोलायला लागत नाही.

रात्रपाळी
मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स, खासगीत नऊ वर्षं. चौकस, आईंना जे बोलल्या ते चूकच.

मोबाईलचं मात्र ऐका. आमच्याकडे राऊंडला न येणारे कन्सल्टंट व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट मागवतात आणि ऑर्डरही तिथेच देतात. काउंटरला उभं राहून फोटो पाठवणारी नर्स नातेवाइकांना टाइमपास करताना दिसते.

रात्री साडेआठला आधीच्या पाळीकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती आणि ताबा, घ्यायची. नऊ-दहाची इंजेक्शनं, प्रत्येकाची वेगळी, काही हळूहळू द्यायची. मधेच अ‍ॅडमिशन येतं. लकवा झालेल्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा. त्याला दोन माणसं लागतात आणि मावशी खाली कॅज्युअल्टीत. पोटॅशियम भरताना कुणी हाक मारली तर मी 'ओ' देत नाही, द्यायचीही नसते. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. तेवढी पाच मिनिटं मी लोकांच्या लेखी उद्धट असते. शिवाय केलेलं सगळं फाईलमध्ये लिहायचं, कारण हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र देणारे एनएबीएचवाले येतात तेव्हा फाईल बघतात, पेशंटची पाठ नाही.

वीस खाटा
तालुक्याच्या गावी माझं छोटं हॉस्पिटल आहे, म्हणून दुसरी बाजू. मिरजकर, त्या ५०० रुपयांत मावश्या, ग्लोव्हज, कापूस, चादरींची धुलाई सगळं येतं. माझ्याकडे वीसपैकी बारा खाटा भरल्या तरी बरा महिना म्हणायचा. सरकारच्या महात्मा फुले योजनेत उपचाराचं पॅकेज ठरलेलं, पैसे हातात येतात तेव्हा खरे. मुलगी घेतो, सुई धरण्यापासून शिकवतो, आणि अनुभवाचा दाखला मिळाला की ती पुण्याला, नाहीतर आखातात. थांबते कोण?

मिरजकर
का थांबावं? सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या जानेवारीत खासगी नर्सेसच्या पगाराचा प्रश्न केंद्राच्या समितीकडे सोपवला. समितीने सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तर किमान २०,००० रुपये आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार. गेली त्यालाही बरीच वर्षं.

आणि आणखी एक. युनिफॉर्म घातलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या तुमच्याकडे किती?

वीस खाटा
समितीची ती शिफारस होती, कायदा नव्हे. नोंदणी असलेल्या दोघी. बाकीच्या त्यांच्या हाताखाली. तालुक्यात कुठेही विचारा, हेच उत्तर मिळेल, फक्त असं लिहून कुणी देणार नाही.

चौकस
म्हणजे आईचा हात कुणी टोचला तेही मला कळणार नव्हतं. धन्य.

निवृत्त परिसेविका
सगळं पैशात मोजू नका. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तिथलीच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळून होती, १९७३पासून २०१५पर्यंत, बेचाळीस वर्षं. तिथल्या नर्सेसच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं, अंगावर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. तिच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचं कौतुक केलं. त्यासाठी कुणी जादा भत्ता मागितला नाही. हल्ली ती वृत्तीच दिसत नाही.

रात्रपाळी
मॅडम, तुमचा आदर ठेवून सांगते. त्या सगळ्या महापालिकेच्या कायम नोकरीतल्या होत्या. पेन्शन होती, युनियन होती, एका वॉर्डात वर्षानुवर्षं राहता येत होतं. मीच दर दोन वर्षांनी हॉस्पिटल बदलते, तर पिढ्या कशा तयार होणार? सरकारीतही आता खाजगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरती येते म्हणून २०२२मध्ये राज्यभर नर्सेस संपावर गेल्या, तेव्हा 'पेशंटला वेठीला धरलं' म्हणणारे हेच लोक. आणि अरुणाताईंवर हल्ला झाला तो त्यांच्याच हॉस्पिटलात, तिथल्याच सफाई कामगाराकडून. ती आठवण सेवाभावासाठी काढता, तशी रात्री अडीचला घरी सोडणाऱ्या गाडीसाठीही काढा.

निवृत्त परिसेविका
गाडीचं पटलं. पण कायम नोकरीतल्याही सगळ्या प्रेमळ नव्हत्या, मी इनचार्ज होते, मला माहीत आहे. प्रेमळपणा पगारातून येत नाही. तो इनचार्ज कशी आहे त्यावर असतो.

ब्रदर
मध्येच एक. मी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं शिकलोय. तरी "ओ वॉर्डबॉय, बेडपॅन द्या." बेडपॅन देतोच, कामच आहे ते. फक्त नंतर मीच इन्सुलिन घेऊन आलो की म्हणतात, "सिस्टरला पाठवा."

चौकस
बरं, फलकाला माझा विरोध नाही. पण त्यावर त्या पाळीच्या इनचार्जचं नाव आणि तक्रारीचा नंबरही हवा. नुसता आकडा दाखवून हॉस्पिटल मोकळं होईल.

वीस खाटा
लावतो. पण प्रत्येक पाळीला दोघी म्हणजे सुट्ट्या धरून आठ जणी, समितीच्या दराने महिना १,६०,०००. तो खर्च बिलातच चढणार. काकांचे नर्सिंग चार्जेस ५००चे ८०० झाले तर मिरजकर भरतील?

मिरजकर
भरेन. फक्त समोर नोंदणी क्रमांकासकट आठ नावं लिहिलेली दिसू देत.