मदत हवी आहे: ओढा पंपांमुळेच आटतोय हे दाखवायचं कसं?

रानपाखरू: एमएस्सीचा प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचाय. मॅडम म्हणतात, "ओढा उपशामुळेच आटतोय कशावरून?" विहिरीच्या उपशाने ओढ्याचं पाणी किती घटतं ते काढायचं ग्लोव्हरचं समीकरण लावलं, आकडे काहीच्या काही येतात. ओढ्यावर ९० अंशांची व्ही-नॉच (धार मोजायची व्ही आकाराची खाच) आहे. प्लीज लवकर सांगा.

कातळकोर: गाव कुठलं? विहीर की बोअर? ओढ्यापासून किती लांब?

रानपाखरू: पुरंदर. बेसाल्टच, दुसरं काय असणार! विहिरी, ४०-५० फुटी. ओढ्यापासूनचं अंतर वेगवेगळं.

कातळकोर: मग ग्लोव्हर-बाल्मर (१९५४) फसणारच. त्यात पाणीधारी थर सगळीकडे एकसारखा आणि ओढा त्याच्या तळापर्यंत गेलेला धरलाय. आपल्याकडे पाणी मुरमातून आणि भेगांतून चालतं, खाली गच्च काळा पाषाण. भेग जुळली तर ३०० मीटरवरची विहीर ओढ्याचं पाणी ओढेल, ३० मीटरवरचीला पत्ताही नसेल.

बापू_सासवडकर: एवढं कशाला? आमच्या पाणाड्याने नारळ धरून जागा दाखवली, आजही पाणी आहे.

कातळकोर: बापू, तिला पाणी शोधायचं नाहीये.

वडाची_सावली: काठाला झाडं आहेत का?

रानपाखरू: करंज, उंबर, भरपूर. का?

वडाची_सावली: दुपारी झाडंही पाणी खेचतात. धार दुपारनंतर बारीक होते, पहाटे पुन्हा भरते. पंपही दिवसा चालू. दोन्ही एकमेकांत मिसळणार.

कातळकोर: शेतीची वीज कधी असते?

रानपाखरू: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्याचा काय संबंध?

कातळकोर: अहो, सगळा संबंध तिथेच! झाडं पाळी बदलत नाहीत. रात्रपाळीच्या आठवड्यात घट रात्री सरकली, तर ती पंपांची. नॉचचं रीडिंग किती वेळा घेता?

रानपाखरू: रोज सकाळी आठला.

कातळकोर: 🤦 तासातासाचं लागेल. नॉचमध्ये पाण्याची उंची १० सेंमी असेल तर धार सुमारे ४.४ लिटर/सेकंद, ९ सेंमीला ३.४. म्हणजे इथे एका सेंटीमीटरमागे सेकंदाला लिटरभराचा फरक.

वडाची_सावली: पण घट सरकली नाही म्हणून पंप निर्दोष, असं लिहू नकोस हं. मुरमातून झिरपत येणारा परिणाम कित्येक दिवसांनी पोचतो, रोजची पाळी त्यात पुसून जाते.

कातळकोर: एमएस्सीला एवढं चालतं.

वडाची_सावली: हेच वाक्य मी बाहेरच्या परीक्षकासमोर म्हटलं होतं. पुढे सहा महिने दुरुस्त्या.

गावकी: १९९३ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणता येत नसे, आता त्याच्या जागी २००९ चा कायदा आहे. तक्रार टाका.

रानपाखरू: तक्रार नाही हो, प्रबंध! आणि तासातासाला तिथे बसणार कोण? लॉगरला (आपोआप नोंद घेणाऱ्या यंत्राला) पैसे नाहीत.

कातळकोर: नॉचच्या तळाच्या पातळीला शून्य येईल अशी पट्टी रोवा, पण नॉचपासून दोन हात वरच्या अंगाला, धारेजवळ पाणी खचतं. समोर जुना मोबाइल बांधा, दर १५ मिनिटांनी फोटो. रात्री बॅटरीचा उजेड लागेल.

बापू_सासवडकर: विषय निघालाच आहे तर, ५ एचपीची सबमर्सिबल कुठली घ्यावी?

रानपाखरू: सोमवारपासून वीज रात्रीची आहे. भावाचा फुटक्या काचेचा मोबाइल मागितलाय.