अनुभव धागा: घड्याळाचं कोणतं बटण तुम्हाला कधी कळलं, आणि कळायच्या आधी काय काय झालं?

मागच्या दिवाळीला वडिलांसाठी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कॅसिओचं ते नकाशावालं एई-१२०० घेतलं. पाच अलार्म, जगभरच्या वेळा, सेल म्हणे दहा वर्षं, मी बघूनच खूश. आबा शिंदखेड्याकडे गावी असतात. चार दिवसांनी फोन आला, "हाई काय वाजी ऱ्हायनं रे दर तासले?" तर तो दर तासाचा टुं-टुं चालू होता. आता बटणांवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं, आबांना ते वाचता येत नाही, म्हणून मी फोनवर "डावीकडचं खालचं दाबा, नाही ते नाही, त्याच्या खालचं" असं वीस मिनिटं केलं, आणि टुं-टुं काही बंद झालं नाही, पण घड्याळ एक तास पुढे गेलं.

हे मला तीन दिवसांनी कळलं, कारण आबा रोज स्टँडवर तासभर आधी जाऊन उभे राहत होते आणि एसटीला शिव्या देत होते. घड्याळ चुकेल असं त्यांच्या मनातच आलं नाही, नवीन होतं ना.

तर तुमचेही असे किस्से लिहा. घड्याळ साधं असो, महाग असो, चायनीज असो, चालेल. आणि माझ्या आबांच्या घड्याळाचं काय झालं असेल तेही कोणी सांगा.

भुसावळकर

तुमच्या आबांचं डीएसटी ऑन झालंय, पैज लावतो. परदेशात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात त्याच्यासाठी ते असतं, आपल्याकडे त्याचं काही काम नाही. स्क्रीनवर बारीक अक्षरात डीएसटी दिसत असेल बघा. ॲडजस्टचं बटण दाबून धरायचं, आधी शहर लुकलुकतं, ते डीईएल म्हणजे दिल्ली पाहिजे, मग मोड एकदा दाबलं की डीएसटी येतं, ते ऑफ करा.

माझा किस्सा छोटा आहे. रेल्वेत नवीन लागलो तेव्हा पहाटे साडेचारचा अलार्म लावला आणि तो वाजला दुपारी साडेचारला, मी ड्युटीला दोन तास लेट. आकड्याच्या बाजूला मुंगीएवढं पीएम होतं. वडील पण रेल्वेतच होते, ते एवढंच बोलले की आपल्या घरात चोवीस तासांचं घड्याळ चालतं, तुझंच कसं बारावर राहिलं. त्याच दिवशी २४ वर टाकलं ते आजपर्यंत.

केळीवाला

मी रावेर साईडचा. आमच्याकडे घड्याळाचा खरा उपयोग काउंटडाऊन टायमर, बाकी वेळ काय मोबाईलमध्येही दिसते. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करून ठिबकचे व्हॉल्व्ह बदलत बसावं लागतं, चार व्हॉल्व्ह, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि मोबाईल शेतात नेला की एक तर चार्जिंग नसतं नाहीतर पाण्यात पडतो (माझे दोन पडले). टायमरला ऑटो रिपीट आहे, एकदा चाळीस लावलं की संपल्यावर आपोआप परत चाळीसपासून सुरू होतं, हे मला घड्याळ घेतल्यावर वर्षभराने भाच्याने दाखवलं, तोपर्यंत मी दर वेळी अंधारात बॅटरी तोंडात धरून नव्याने लावत होतो.

पण ते वाजतं किती, दहा सेकंद! थंडीत गोधडीत हात आत असला की ऐकूच येत नाही. एका रात्री तसंच झालं, एकाच प्लॉटला पहाटेपर्यंत पाणी आणि बाकीचे तीन कोरडे, सकाळी वडिलांनी काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. तेव्हापासून घड्याळ काढून स्टीलच्या रिकाम्या पेल्यात ठेवतो आणि पेला उशाजवळ. पेला असा खणखणतो की शेजारच्या बागेतला राखणदारही उठतो, त्याची तक्रार आहे. कोणाकडे व्हायब्रेशनवालं असेल तर सांगा, कसं आहे.

धुळ्याचा एक

माझं काट्यांचं, तीन छोट्या डायलवालं. घेतलं आणि आठवड्यात दुकानात परत घेऊन गेलो की मोठा सेकंद काटा चालतच नाही. दुकानदार हसला. तो मोठा काटा स्टॉपवॉचचा, वरचं बटण दाबलं तरच चालतो, खरे सेकंद खालच्या छोट्या डायलमध्ये. बरं झालं ओळखीचं कोणी नव्हतं तिथं.

पुढे सेल बदलल्यावर तोच काटा बाराच्या ऐवजी तिरका थांबायला लागला. दुसऱ्या एका दुकानात सांगितलं मशीन गेलं, नवीन टाकावं लागेल. घरी येऊन चावी पूर्ण बाहेर ओढली, वरचं बटण एकेकदा दाबत गेलो, काटा एकेक घर सरकत बारावर आला, चावी आत ढकलली, संपलं. खर्च शून्य. आधी एवढं करून बघा आणि मग दुकानात जा.

आणि कडेला जे आकडे असतात, ४००, २००, १२०, ८०, ते वेग मोजायचे. मुंबई-आग्रा हायवेला किलोमीटरच्या दगडापाशी चालू करायचं, पुढच्या दगडाला बंद. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर (३६०० भागिले सेकंद, बस). एसटीच्या खिडकीत बसून करायचा उद्योग आहे हा, स्वतः गाडी चालवताना नको.

वसुलीवाला

माझं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून तेच मॉडेल येतंय. त्यात वर्ष भरायची सोयच नाही, त्यामुळे फेब्रुवारी कायम २८ चा. २०२४ ला २९ फेब्रुवारीच्या गुरुवारी घड्याळात वार गुरुवारच, पण तारीख १. वार बरोबर दिसला म्हणून शंकाच आली नाही, दिवसभर पावत्यांवर १ मार्च टाकत बसलो. साहेबाने सगळ्या परत लिहायला लावल्या. लीप वर्षात हाताने मागे घ्यावं लागतं.

अमळनेरची सून

माझा फिटनेस बँड आहे, बटण एकच तेही धड नाही, सगळं मोबाईलमधून. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासरी मांडे केले, खापरासमोर दीड तास उभी, झाल्यावर बघते तर दोन हजारावर पावलं! जागची हलले नव्हते मी, हातावर मांडा फिरवला तेवढंच. नणंद म्हणे वहिनी, चालायला कशाला जाता, रोज मांडेच करा. नंतर ॲपमध्ये सापडलं की कोणत्या हातात घालता ते विचारलेलं असतं, मी उजव्या हातात घालून डावा लिहिलेला. ते बदलल्यावर जरा कमी मोजतो.

सातपुड्यातला

उंची दाखवणारं घड्याळ घेणाऱ्यांनो, ते उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून अंदाज करतं. म्हणून निघताना खरी उंची भरून द्यायची. मी नंदुरबार स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलीय ती भरतो आणि मग तोरणमाळला जातो, वर साडेअकराशे मीटरच्या जवळपास बरोबर दाखवतं. एकदा यशवंत तलावाजवळ मुक्काम, रात्री आभाळ भरून आलं, सकाळी बघतो तर झोपल्या जागी पंचवीस मीटर वर चढलेलो! दाब उतरला की घड्याळाला वाटतं आपण चढलो. मित्राला खरंच वाटलं की घड्याळ बिघडलं, मी म्हटलं बिघडलं नाही, पाऊस येतोय. आला.

जळगावचा

मे महिन्यात गाडीच्या टाकीवर घड्याळ ठेवू नका. पंचेचाळीसच्या उन्हात स्क्रीन पूर्ण काळी झाली, एकही आकडा दिसेना, मी रडायच्या बेतात. सावलीत ठेवलं, पाणी पिऊन आलो, परत सगळे आकडे जागेवर.

धागाकर्ता

भुसावळकर, पैज जिंकलात. रविवारी गावी गेलो, डीएसटीच ऑन होतं, ऑफ केलं. मग टुं-टुं बंद करायला बसलो तर आबांनी घड्याळ हातातून काढून घेतलं. म्हणे "ऱ्हाऊ दे, आते सवय व्हयी गई."