ड्राइंग रेट = वाळण्याचा वेग की सुकण्याचा?

रॅकवरचा: मंडळी, तासगावकडच्या बेदाणा करणाऱ्यांसाठी चार पानी माहितीपत्रक लिहितोय आणि त्यात ड्राइंग रेट (drying rate, म्हणजे मालातलं पाणी किती वेगानं उडतं ते) हा शब्द दर दोन ओळींनी येतोय. 'शुष्कन दर' असं पुस्तकी लिहिलं तर शेडवर कोणी दुसरी ओळ वाचणार नाही. सुकण्याचा वेग म्हणू की वाळण्याचा?

चिंचगुळ: आमच्याकडे पापड-कुरडया वाळत घालतात, त्याला वाळवणच म्हणतात, पण मासळी मात्र सुकी, सुकट. कपडे दोन्ही करतात. जखम सुकते, तोंड सुकतं, तिथं वाळणं कोणी म्हणत नाही, आणि माणूस बारीक झाला की "किती वाळलायस रे". म्हणजे नियम असा काही नाही, कानाला बरं वाटेल ते. बेदाण्याला मी वाळणं म्हणेन. फक्त निथळणं वेगळं ठेवा, डिपिंगनंतर, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवून काढल्यावर, क्रेटमधून पाणी गळतं ते निथळणं, ते वाळण्यात धरू नका.

मोजपट्टी: वाळण्याचा वेग छान आहे, पण त्याआधी 'ओलावा' या शब्दाचा बंदोबस्त करा, खरा घोळ तिथंय. ओलावा 80 टक्के म्हणजे कशाच्या 80 टक्के? बाजारात बोलतात तो ओल्या वजनावरचा, म्हणजे पाणी भागिले सगळा माल. आता हिशोब बघा. 100 किलो द्राक्षं, 80 टक्के पाणी धरलं तर कोरडा ऐवज 20 किलो, तो शेवटपर्यंत 20च राहणार. माल वाळून 50 किलो झाला तेव्हा पाणी 30, म्हणजे ओलावा 60 टक्के. 50 किलो पाणी उडालं आणि आकडा उतरला फक्त 20 ने! पुढे 60 वरून 15 टक्क्यांवर यायला माल 50 चा साडेतेवीस किलो होतो, म्हणजे पाणी उडतं साडेसव्वीसच किलो, पण आकडा 45 ने पडतो. टक्क्यांवरून वेग काढणाऱ्याला वाटणार की माल शेवटी शेवटी जोरात वाळला, आणि प्रत्यक्षात तर तो तेव्हा रडत-रखडत वाळत असतो.

रॅकवरचा: अगदी हेच होतं. मग कोरड्या वजनावर, म्हणजे पाणी भागिले कोरडा ऐवज असा मोजायचा म्हटलं तर पहिल्याच दिवशी 400 टक्के ओलावा लिहावा लागतो, लोक म्हणतील हा काय प्रकार.

मोजपट्टी: तर मग टक्के लिहूच नका. "एक किलो कोरड्या ऐवजामागे चार किलो पाणी" असं लिहा, पन्नास किलोवर आला की दीड, बेदाणा झाला की जेमतेम पाऊण पाव, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम. वेगासाठी तर ओलाव्याचा आकडाही लागत नाही, नुसता वजनकाटा पुरतो. समजा 2 चौरस मीटरच्या जाळीवर 20 किलो माल आहे, सहा तासांनी 19.4 भरला. गेले 600 ग्रॅम, भागिले सहा तास, भागिले दोन, म्हणजे चौरस मीटरमागे ताशी 50 ग्रॅम. जाळी तीच, काटा तोच ठेवा, आणि वाऱ्यात हलणाऱ्या जाळीवर वजन घेऊ नका.

उंबरठा: पुस्तकात स्थिर वेगाचा टप्पा आणि घटत्या वेगाचा टप्पा असं असतं ना, ते पण द्या की.

मोजपट्टी: द्या, पण द्राक्षाला सांभाळून. पृष्ठभाग ओलाचिंब असतो तोवर वेग एकसारखा राहतो, मग पाणी आतून वर यायला उशीर लागतो आणि वेग पडत जातो, हे ओल्या फडक्याला किंवा वाळूला चपखल बसतं. द्राक्षाच्या सालीवर मेण असतं, पाणी तिथंच अडतं, त्यामुळे पहिला टप्पा जवळपास दिसतच नाही, सुरुवातीपासूनच घटता वेग. म्हणून तर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्या मेणाचा अडसर कमी करायला.

चिंचगुळ: आणि उलटा प्रवास झाला तर त्याला आपला शब्द आहेच, सादळणं. दमट हवेत बेदाणा पाणी ओढतो, मग तुमचा वेग उणे येईल.

रॅकवरचा: सादळणं घेतलंच! अवकाळीच्या पानावर तोच मथळा देतो.

काळी_माती: माझा सोयाबीनवाल्याचा एक प्रश्न यातच बसतो. 18 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 12 वर आणला तर घट सहा किलो, असं सगळे धरतात.

मोजपट्टी: सहा नाही हो. कोरडा ऐवज 82 किलो, 12 टक्के ओलाव्याला तो मालाच्या 88 टक्के असतो, म्हणून भागिले 0.88 केलं की 93.2 किलो, म्हणजे घट 6.8. दर क्विंटलला आठशे ग्रॅमचा फरक, ट्रॉलीभर मालाला किती ते तुम्हीच काढा.

काळी_माती: काढला. उद्या काट्यावर कागद घेऊनच जातो.