फॉकलंडचं युद्ध टाळता आलं असतं का?

दर्यावर्दी:
२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं घेतली; ती ब्रिटनच्या ताब्यात होती आणि अर्जेंटिना त्यांच्यावर दावा सांगत होता, आणि १४ जूनला ब्रिटनने ती परत मिळवली. त्यात अर्जेंटिनाचे ६४९, ब्रिटनचे २५५ जण आणि तीन बेटवासी स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. हे युद्ध टाळता येण्यासारखं होतं, असं माझं ठाम मत आहे.

आदल्या वर्षी लंडनमध्ये काय चाललं होतं बघा. संरक्षणमंत्री जॉन नॉट यांच्या कपातीत 'एन्ड्युरन्स' हे दक्षिण अटलांटिकमधलं गस्ती जहाज सेवेतून काढायचं ठरलं. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने अनेक बेटवासीयांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व गेलं. 'एन्ड्युरन्स' लढाईच्या दृष्टीने किरकोळच होतं, पण ते तिथे होतं. ब्रिटनपासून सुमारे १३ हजार किलोमीटरवरच्या बेटांसाठी एवढंही करायची तयारी नसेल, तर अर्जेंटिनाचे लष्करशहा जनरल गाल्तिएरींनी त्यातून काय समजायचं? ब्रिटन लढणार नाही, असंच ते समजले.

मीमांसक:
असहमत. अर्जेंटिनाची लष्करी राजवट महागाईने आणि जनक्षोभाने घेरलेली होती. ३० मार्चला, म्हणजे आक्रमणाच्या तीनच दिवस आधी, ब्युनोस आयर्समध्ये कामगार संघटनांचा मोठा मोर्चा निघाला होता. अशा राजवटीला एक गस्ती जहाज थोपवणार?

शिवाय हीच अर्जेंटिना १९७८ च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या बीगल चॅनेलमधल्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या तीन बेटांसाठी चिलीवर चालून जायच्या बेतात होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्यस्थी केली, १९८४ मध्ये तह झाला, बेटं चिलीकडे राहिली. युद्ध झालंच नाही. धडा घ्यायचा तर इथून घ्या.

दर्यावर्दी:
बीगलचा दाखला माझ्या बाजूने जातो. चिलीचं सैन्य आणि आरमार सज्ज होतं, बेटं फुकटात मिळणार नव्हती, म्हणून मध्यस्थाला वेळ मिळाला. फॉकलंडवर मोजके मरीन सैनिक होते.

त्याआधीचं सदर्न थूल हे दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिश बेट आठवा. १९७६ मध्ये अर्जेंटिनाने त्या निर्जन बेटावर तळ उभारला. ब्रिटनने निषेध नोंदवला आणि १९८२ च्या युद्धापर्यंत तळ हटवला नाही. पहिलं पाऊल खपलं की दुसरं पडतंच.

मीमांसक:
मग १९७७ चं काय? ब्रिटनच्या कॅलहन सरकारने तेव्हा फॉकलंडकडे एक अणुपाणबुडी आणि दोन फ्रिगेट (युद्धनौका) गुपचूप पाठवल्या. आक्रमण झालं नाही, म्हणून लोक ते यश मानतात. पण अर्जेंटिनाला त्यांचा पत्ता होता याचा पुरावा नाही. न दिसलेल्या नौकांना कोण घाबरेल?

दर्यावर्दी:
हे मान्य. म्हणूनच मी उघड, कायमच्या उपस्थितीबद्दल बोलतोय. १९८५ मध्ये फॉकलंडवर माउंट प्लेझंटचा ब्रिटिश हवाई तळ सुरू झाला. त्यानंतर पुन्हा आक्रमण झालेलं नाही.

रानपाखरू:
तुम्ही दोघंही तिथे राहणाऱ्यांना विसरताय. १९८० मध्ये ब्रिटिश मंत्री निकोलस रिडली तोडगा घेऊन गेले होते: सार्वभौमत्व अर्जेंटिनाला द्यायचं आणि बेटं दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे ठेवायची. बेटावर विरोध झाला आणि ब्रिटिश संसदेतही तो आपटला. २०१३ च्या सार्वमतात ब्रिटनसोबत राहण्याच्या विरोधात फक्त ३ मतं पडली. त्यांना डावलून केलेला तह किती दिवस टिकेल?

मीमांसक:
त्यांना डावला असं मी म्हणतच नाही. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधली आलांड बेटं घ्या. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) निर्णयाने ती फिनलंडकडे राहिली, पण तिथल्या स्वीडिशभाषकांना भाषेची आणि स्वायत्ततेची हमी मिळाली, लष्करी तळांना बंदी कायम राहिली. बहुतेकांना स्वीडनमध्ये जायचं होतं, तरीही ती व्यवस्था टिकली. उलट माउंट प्लेझंट उभं राहून इतकी वर्षं झाली, आणि अर्जेंटिनाने १९९४ मध्ये आपला दावा थेट राज्यघटनेत लिहिला. तळाने हल्ला थांबला असेल, वाद तसूभरही हललेला नाही.

दर्यावर्दी:
आलांडला स्वीडनने निकाल मानला, तिथे आरमार लागलंच नाही. १९८२ चा अर्जेंटिना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ५०२ क्रमांकाचा ठराव धुडकावत होता, सैन्य मागे घ्यायला तयार नव्हता. वाद शंभर वर्षं चालला तरी चालेल, त्यात माणसं मरत नसतील तर मला तो तळ महाग वाटत नाही.