मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातली ‘एक्झॉस्ट’ मतं (पुढची पसंती नसल्याने मोजणीतून बाहेर पडलेली) लेबर आणि लिबरल या दोन पक्षांत कशी वाटायची?

२०२३ची विधानसभा निवडणूक. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतात; कमी मतांचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. पण मतपत्रिकेवर नुसता १ लिहिला तरी मत वैध, म्हणून ग्रीन्स पक्षाची बरीच मतं लेबरकडे न जाता मोजणीतून बाहेर पडतात. राइड मतदारसंघाची जागा फेरमोजणीनंतर लिबरलकडे अवघ्या ५४ मतांनी राहिली आणि लेबर ९३पैकी ४५वर, बहुमताच्या जरा अलीकडे अडकलं, तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही. पसंतीक्रम सक्तीचे असते तर राइडमध्ये काय झालं असतं, एवढंच काढायचंय. (मतदान सक्तीचंच आहे, तो मुद्दा वेगळा.)

पसंती-वाटपाच्या तक्त्यातली एक्झॉस्ट मतं २०२२च्या संघीय निवडणुकीत ग्रीन्सची मतं ज्या प्रमाणात पुढे गेली त्या प्रमाणाने, म्हणजे साधारण ८५ टक्के लेबरला, वाटून पाहिली. पटत नाही. ग्रीन्स बाद होतात तेव्हा त्यांच्या गठ्ठ्यात आधी बाद झालेल्यांचीही मतं असतात. शिवाय २ लिहायचा कंटाळा करणारा मतदार आणि आवर्जून लेबरला २ देणारा सारखे कसे धरायचे? सक्ती असती तर त्यातली काही मतं थेट अवैधच ठरली असती.

क्वीन्सलंड या दुसऱ्या राज्याची तुलना सुचवणार असाल तर: तिथे पसंतीक्रम २०१५ला ऐच्छिक, २०१७ला सक्तीचे हे खरं, पण मधे जागा ८९च्या ९३ झाल्या, मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आणि वन नेशन ही पार्टी उसळली.

साधन फक्त एक्सेल, डेटा सार्वजनिक हवा. नुसता १ लिहिणाऱ्या ग्रीन्स मतदारांसाठी लेबरचा वाटा ८५ऐवजी किती धरावा, आणि कशाच्या आधारावर?